रामाकोन्यातला मेल सर्व्हर

फुकटची गोष्ट सोडायची नाही, हा आमच्या घराण्याचा बाणा. त्यामुळे झिंब्रा नावाचं ईमेलचं अख्खं दुकान ओपन सोर्स आहे, कोड बघा, बदला, घरी चालवा, कुणी दमडी मागणार नाही, हे कळल्याबरोबर मी सौंसरहून एक जुना कॉम्प्युटर उचलून आणला, त्यात 8 जीबी मेमरी कोंबली आणि रामाकोन्यात, घरच्या पडवीत, संत्र्यांच्या क्रेटांना लागून मेल सर्व्हर थाटला.

कंपनी ऐरीगैरी नाही बरं का. 2003मध्ये सतीश धर्मराज आणि दोघा साथीदारांनी कॅलिफोर्नियात काढली, 2007मध्ये याहूने 35 कोटी डॉलर मोजून घेतली, मग व्हीएमवेअर, मग टेलिजंट, 2015मध्ये सिनॅकोर. इतकी सासरं पाहूनही पोरगी नांदतेच आहे आणि पुण्यातही तिची माणसं कामाला आहेत. आपल्या सरकारचं ईमेलसुद्धा कित्येक वर्षं हिच्याच भरवशावर चाललं. दिल्लीला जमतं तर मला का नाही?

नाहीच जमलं. आत बघतो तर मेल पोचवायला पोस्टफिक्स, नावपत्ते सांभाळायला ओपनएलडीएपी, व्हायरस हुडकायला क्लॅमएव्ही, भंगार वेगळं काढायला स्पॅमअसॅसिन. त्यातला क्लॅमएव्ही एकटाच जीबीभर मेमरी खाऊन बसायचा, बाकीचे हातपाय पसरेपर्यंत लाइन जायची, लाइन आली की डेटाबेस रुसलेला, आणि मी अंधारात टॉर्च धरून त्याची मनधरणी करतोय. बायको दारातून म्हणाली, "अहो, काय करून राह्यले? शेजारचे भाऊ तर मोबाइलवरूनच मेल धाडतात." मी ऐकलं नाही. शहाण्या माणसाचं ऐकायचं नाही, हा आमचा दुसरा बाणा.

शिवाय झिंब्राची 9वी आवृत्ती 2020मध्ये आली तेव्हा फुकटवाल्यांना नुसता कोड मिळाला, बांधून घ्या म्हणे तुमचं तुम्ही. ते माझ्या बापजन्मी होणार नव्हतं, म्हणून तयार मिळणारी जुनी 8.8.15 बसवली. तिची देखभाल 2023च्या शेवटी थांबली होती. मी बसवली 2024मध्ये.

मेल मात्र उंबऱ्याबाहेर जाईना. घरगुती कनेक्शनवर 25 नंबरचं पोर्ट बहुधा बंदच असतं, नाहीतर जो तो स्पॅम उधळेल, हे जगाला ठाऊक होतं. म्हणून महिन्याच्या भाड्याने परगावचं मशीन घेतलं. फुकटच्या मेलला भाडं सुरू झालं. मग पाठवणारा मीच आहे हे जीमेलला पटवायला म्हणे एसपीएफ लिहा, उलटी नोंद करा, डीकेआयएमची किल्ली डीएनएसमध्ये चिकटवा. ती किल्ली म्हणजे अक्षरांची हातभर लांब माळ. चिकटवताना तिच्या शेपटीचं एक अक्षर माझ्या हातून गळलं, आणि ते सापडेपर्यंत मी जीमेलच्या नावाने बोटं मोडत बसलो.

अखेर नागपूरच्या व्यापाऱ्याला आंबिया बहाराच्या संत्र्यांचा भाव पाठवला. उत्तराची वाट पाहून शेवटी फोन केला. त्याने शोधलं आणि सांगितलं, "सापडलं भाऊ, लॉटरी लागल्याच्या आणि वजन घटवायच्या मेलच्या मधोमध पडलं होतं." तोवर संत्री मंडीत विकली गेली होती. भाव माझ्या मेलमधल्यापेक्षा चांगला मिळाला.

सर्व्हर अजून चालू आहे, भाडंही. तेव्हा माझं उत्तर आलं नाही तर रागावू नका, आधी स्पॅम उघडून बघा, आणि तिथंही नसलं तर सरळ फोन करा. रेंज असली तर उचलीन.