पपईचा तापट चीक

परसातल्या पपईइतकं गरीब झाड शोधून सापडायचं नाही. कुणी न लावता मोरीच्या पाण्यावर उगवतं, वर्षाच्या आत-बाहेर फळांनी लगडतं, आणि चढायला फांदीच नसल्यामुळे पोरांच्या पराक्रमातूनही सुटतं. पण हिरव्या फळाला नख लागू द्या; दुधासारखा चीक टपटपू लागतो आणि त्याच्यासोबत बाहेर येतं पपेन नावाचं विकर. प्रथिनांचे दुवे तोडायचे, एवढंच त्याला ठाऊक. माझी आजी निबर बोकडाच्या मटणाला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवायची. मटण लोण्यासारखं शिजायचं, आणि आजीची बोटं रात्रभर चुरचुरायची. प्रथिन बोकडाचं की आजीचं, असला भेदभाव पपेनच्या स्वभावातच नाही. ‘गुण आहे तिथे थोडा ताप असायचाच,’ म्हणत ती बोटांना खोबरेल लावायची. हे ती पपईबद्दल म्हणायची की आजोबांबद्दल, ते मात्र कधी कळलं नाही.

व्यापारासाठी हाच चीक पहाटे कच्च्या फळांना उभ्या चिरा देऊन गोळा करतात आणि वाळवून त्याची भुकटी करतात. थंड केलेली बियर गढूळ होऊ नये म्हणूनसुद्धा ती वापरली जाते. खरी गोम या भुकटीत आहे. ती उडून श्वासात गेली की कामगाराला आधी शिंका येतात, डोळे पाणावतात, आणि एकदा का शरीराने तिच्याशी वैर धरलं, की चिमूटभर धुळीनेही दमा उसळतो. औषध म्हणूनही हा चीक पूर्ण माणसाळला नाही. त्यातलंच कायमोपपेन १९८२पासून अमेरिकेत मणक्याच्या सरकलेल्या चकतीत टोचू लागले. काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली. जखमेवरच्या पपेनच्या मलमांची विक्री थांबवायला तिथल्या औषध प्रशासनाने २००८ साली सांगितलं, तेही अशाच तक्रारींमुळे.

फळाला मात्र वय मानवतं. पिकता पिकता चीक ओसरतो आणि निवृत्त हेडमास्तरांसारखी पपई एकदम गोड बोलू लागते. तेव्हा पिकलेली पपई खुशाल खा; रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल, तर तेवढं डॉक्टरांना विचारून. गरोदरपणी कच्ची टाळा, एरवी किसताना हाताला तेल लावा. आणि पपेनची गोणी उघडणाऱ्या माणसाला कौतुकाआधी चांगला मास्क द्या.