नाव घातलेलं पितळ

माझ्या टेबलावरच्या कागदांवर एक पितळी कळस बसलेला असतो. खरं तर तो पहिल्या महायुद्धातल्या तोफगोळ्याचा फ्यूज. पोटातली दारू कधीच काढून घेतलेली, त्यामुळे आता निवृत्त मामलेदारासारखा नुसताच भारदस्त. गेल्या दिवाळीत कामाच्या मावशींनी देवाच्या भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावली, तेव्हा माझ्या संग्राहक मित्राने कपाळावर हात मारला. "अरे, त्याचं गाव पुसलंत की!"

फ्यूजचं गाव त्याच्या अंगावर कोरलेलं असतं. भिंग धरून मित्र सांगू लागला : कावळ्याच्या पावलासारखा बाण दिसला, की ब्रिटिश सरकारचा माल, तोच बाण 'सी' अक्षराच्या कुशीत शिरला, की कॅनडाचा, बाणाखाली 'आय' आला, की हिंदुस्थानचा. मला आजीची आठवण झाली. तिच्या प्रत्येक वाटीवर नाव घातलेलं होतं, शेजारच्या पंगतीला गेलेली वाटी फिरून आपल्याच फडताळात यावी म्हणून. इथे मात्र मालकाने नाव घालून वस्तू धाडली ती शत्रूच्या अंगणात, आणि ती परत येऊ नये हीच त्याची इच्छा.

चिंचेतून वाचलेला आकडा निघाला ८०, ब्रिटिश नमुन्याचा क्रमांक. कड्यावर शून्यापासून बावीसपर्यंत खुणा; कडं फिरवावं तशी आतल्या दारूची वाट लांबते किंवा आखडते, आणि ती उदबत्तीसारखी जळत जाऊन वेळेवर पोचते. म्हणजे ब्रिटिश, असं मी म्हणालो. मित्र हसला. ही रचना मूळची जर्मनीतल्या एसेनच्या क्रुप कंपनीची. विकर्स या ब्रिटिश कंपनीने ती १९०२ च्या कराराने घेतलेली. युद्ध संपल्यावर क्रुपने आपल्याच देशाच्या सैनिकांवर पडलेल्या या फ्यूजांचं स्वामित्वधन मागितलं, नगामागे एक शिलिंग तीन पेन्स! १९२६ मध्ये चाळीस हजार पौंडांवर तडजोड झाली. कळसाचं सासर इंग्लंड, माहेर जर्मनी. आणि माहेरच्यांना आठवण होती ती फक्त हिशेबाची.

यंदा दिवाळीत मावशींनी तो हातात घेऊन विचारलं, "यावर नाव कुणाचं घातलंय?" म्हटलं, "परक्यांचं. लढाईत हरवलेलं." त्यांनी पदराने तो अलगद पुसला, जागेवर ठेवला. "मग देऊन टाका की त्यांचं त्यांना. कुणीतरी शोधत असेल."