डिक्शनरीवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक डिक्शनरीवाले काका असतात. बँकेतून नाहीतर पोस्टातून निवृत्त झालेले, बुशशर्टाच्या खिशात एक लाल नि एक निळं पेन, आणि काखेत पुठ्ठा सुटलेला डिकन्स. आमचे काका दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांना साधी पाणी यायची वेळ विचारली तरी उत्तरात एखादा असा शब्द येतो, की आपण घरी येऊन तो गुपचूप मोबाइलवर शोधतो. स्पेलिंग चुकल्यामुळे तो सापडतही नाही.

काका मराठी शाळेतले. नोकरीत साहेबलोकांच्या फाडफाड इंग्रजीपुढे खाली मान घालून बसावं लागलं, त्याचा वचपा आता निवांत चाललाय. अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक आणायचं, विम्याच्या एजंटाने दिलेल्या डायरीत रकाने आखायचे. शब्द, अर्थ, पान. चौथा रकाना खास काकांचा: ‘कोण कोणास म्हणाले’. शाळेतल्या पेपरात हाच एक प्रश्न त्यांना हमखास यायचा म्हणे.

म्हणून काकांच्या प्रत्येक शब्दामागे एक माणूस उभा असतो. ‘पिक्यूनिअरी’, म्हणजे पैशासंबंधीचं, म्हटलं की मिकॉबर. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला हा कायमचा कर्जबाजारी, पण बोलायला राजा माणूस. लांबलचक वाक्यात स्वतःच गुरफटतो आणि शेवटी ‘थोडक्यात सांगायचं तर’ म्हणून दोन शब्दांत मोकळा होतो. (काकाही तेच करतात, हे त्यांना कुणी सांगत नाही.) कादंबरी १८४९-५० मधली, आणि मिकॉबर डिकन्सने उभा केला तो आपल्याच वडिलांवरून. देणी थकली म्हणून १८२४ मध्ये ते मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि मुलगा बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत बसला. ‘बारा वर्षांचं पोर हो!’ असं काका कळवळून म्हणतात, जणू ते कुटुंब आपल्याच बी विंगमध्ये राहत होतं.

सोसायटीचा पत्रव्यवहार काकांकडे देणं ही आमचीच हौस. टाकी गळायला लागली तेव्हा त्यांनी पाणीखात्याला कळवलं की टाकीची अवस्था ‘लॅक्रिमोज’, म्हणजे रडवेली, आहे. सेक्रेटरी म्हणाले, ‘काका, सरळ लीकेज लिहा ना.’ ‘लीकेज काय, नळालाही होतं,’ काकांनी निकाल दिला. पत्र गेलं तसंच. दोन दिवसांनी तिकडून फोन आला, ‘साहेब, टाकीला नेमकं झालंय काय?’ आणि काय भानगड आहे ते बघायला माणूस चक्क त्याच दुपारी हजर! श्रेय अर्थातच अभिजात साहित्याला.

काकूंपुढे मात्र डाळ शिजत नाही. ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मधले मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरिनच्या ‘कंडिसेन्शन’चे, म्हणजे मोठ्या लोकांनी आपल्याशी बोलायची कृपा करण्याचे, गोडवे गाताना थकत नाहीत. अमेरिकेतल्या मुलाचा फोन पंधरा दिवसांनी आला, तेव्हा काका म्हणाले, ‘चिरंजीवांनी आज कंडिसेन्शन दाखवलं.’ काकूंना अर्थ ठाऊक होता. ‘त्या कॉलिन्सला म्हणावं, गिरणीतून दळण घेऊन या,’ एवढंच बोलून त्या आत गेल्या. काका मुकाट्याने डबा घेऊन निघाले.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी जीआरईसाठी अ‍ॅपवर शब्दांच्या याद्या घोकत होती. काका म्हणाले, ‘यादीतला शब्द परीक्षेपुरता पाहुणा गं. कुणाच्या तोंडचा आहे ते कळलं की तो मुक्कामाला येतो.’ हे मात्र मला पटलं. बिचारी एक शब्द विचारायला गेली होती. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्याच युराया हीपची कावेबाज नम्रता साभिनय ऐकून, चहा पिऊन, दिवेलागणीला सुटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, म्हणजे आवडलं असावं.

दूधवाल्याचं बिल थकलं की काका त्याला ‘जरा पिक्यूनिअरी अडचण आहे’ असं ऐकवतात. परवा तो जिन्यात भेटला आणि तळमजल्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘काका, त्यांचंबी तेच. पिकनरी.’ काकांनी उभ्या उभ्या त्याचा उच्चार सुधारला, आपलं बिल पुढच्या आठवड्यावर ढकललं आणि घरी येऊन डायरी उघडली. चौथ्या रकान्यात मिकॉबरच्या खाली लाल पेनने आता लिहिलंय: ‘दूधवाला, मला.’