डाळीवर आळ

"वैनी, ओ वैनी! जरा कुपाटीपाशी ये. आमच्या ह्यांचा रिपोट आला."

"कशाचा वो, आक्का?"

"रक्ताचा. परवा रात्री अंगठा सुजला व्हता न्हाई का? चादर लागली तरी वरडत व्हते. युरिक निघालं. आठ पाईंट दोन."

"आगं बाई! पुरुषाला सातच्या आत पाहिजे ते. डॉक्टर काय मनले?"

"डॉक्टरनी गोळ्या दिल्या, पंधरा दिसांनी बोलावलं. पन घरी येस्तोवर रस्त्यात चार डॉक्टर भेटले. एकानं तुरीची डाळ बंद केली, दुसऱ्यानं टमाटं, तिसऱ्यानं पालक, आन् चौथ्यानं दही. आता तूच सांग, वरणच बंद केल्यावर भाकर कशात चुरायची? पाण्यात?"

वैनी म्हणजे गल्लीतल्या आशाताई. गरोदर बायांच्या नोंदी, लेकरांचं लसीकरण, बीपी-शुगरची यादी असं सगळं त्यांच्या वहीत. तीर्थपुरी हे घनसावंगी तालुक्यातलं उसाचं गाव. शिवारात गोदाकाठच्या पट्ट्यातला ऊस, गावात समर्थ कारखान्याचं सागर युनिट. गाळपाच्या दिवसांत गाव रात्रीसुद्धा अर्धं जागंच असतं. त्यामुळं वैनींनी डाळीचं काही न बोलता भलतंच विचारलं.

"आक्का, दादा झोपतेत किती?"

"झोप? ती कोन मोजतं? रात्रीची लाईट असली की ह्यांचं अंथरून रिकामंच. बारा वाजता मोटर चालू करायची, बॅटरी घेऊन दारं धरायची, रानडुकराला हाकलायचं. उजाडताना यायचं, चहा प्यायचा, आडवं व्हायचं. तास झाला न्हाई की कुनीतरी हाक मारतंच. मंग दिसभर डुलक्या, रसवंतीवर रस, आन् रात्री परत उसात."

"बघा, ह्यात डाळ कुठं आली?"

इतक्यात वैनींची लेक धुण्याची बादली घेऊन बाहेर आली. ती फार्मसी शिकते. सुट्टीत घरी आली की निम्म्या गल्लीची औषधं तीच वाचून देते.

"डाळीवर उगीच आळ आहे, आक्का," ती म्हणाली. "अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचं खाणंपिणं बारा वर्षं तपासलं. २००४ साली ते छापून आलं. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाऊट, म्हणजे हेच युरिकचं सांध्याचं दुखणं, जास्त झालं. डाळी आणि पालेभाज्या खाणाऱ्यांत तसं काही दिसलं नाही. दूध-दह्यानं तर उलट धोका कमी झाला."

"म्हंजी चौथा डॉक्टर पार येडाच की! आन् मटनाचं मनशील, तर आमच्यात रविवारी हायच. ह्यांना वजडी-कलेजी लागती."

"तीच जरा कमी करा. दारू असंल तर ती आधी. आणि रस."

"रस? उसाच्या गावात ऊस वंगाळ?"

"ऊस वंगाळ नाही, रोजचे दोन-तीन गिलास वंगाळ. साखरेत अर्धा वाटा फ्रुक्टोजचा. ते यकृतात जिरताना पेशींची साठवलेली ऊर्जा झपाट्यानं खर्च होते आणि त्याच्या उरल्यासुरल्याचं युरिक ॲसिड बनतं. रंगीत थंड पेयांचंही तेच."

आक्कांनी कुपाटीवर कोपर टेकलं. आता हे प्रकरण चहापर्यंत जाणार हे दिसतच होतं.

"ते खान्याचं कळलं, पोरी. पन झोपंचा आन् अंगठ्याचा काय संबंध? अंगठा काय झोपतो व्हय?"

"आक्का, दुखणं उठलं किती वाजता?"

"रात्री दोनला. त्या रात्री लाईट नव्हती, म्हून घरी व्हते."

"बहुतेकांचं तसंच. २०१५ मध्ये अमेरिकेतल्याच सातशेवर रोग्यांचा हिशेब मांडला. मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात गाऊटचा झटका येण्याची जोखीम दिवसाच्या जवळपास अडीच पट. रात्री अंग गार पडतं, पाणी कमी पडतं, आणि युरिकचे खडे गार जागी लवकर जमतात. पायाचा अंगठा तर सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत गार."

"आन् दादा रातभर उसात पान्यात पाय घालून उभे!" वैनी मधेच बोलल्या.

"आता झोपेचं ऐका. स्पेनमध्ये अठराशेवर वयस्क, पोट सुटलेल्या बायामाणसांची झोप मोजली. २०१९ चं ते काम. जे जास्त वेळ झोपले, त्यांचं युरिक थोडं कमी निघालं. थोडंच, बरं का. आठचं पाच होत नाही. झोप अर्धवट राहिली की अंगातला ताण वाढतो, इन्शुलिनचं काम बिघडतं, आणि मूत्रपिंड युरिक बाहेर टाकायला कुचराई करतं. दोन तृतीयांश युरिक तिथूनच जातं."

"मंग झोपलं की बरं?"

"इतकं सोपं नाही. कोरियात, तैवानात, चीनमध्ये असंच तपासलं, पण सगळीकडं एकसारखं आलं नाही. कुठं पुरुषांत एक दिसतं, बायांत दुसरं. आणि ज्याला रात्री कळा येतात तो जागाच राहणार. म्हणजे झोप नाही म्हणून युरिक, का युरिक म्हणून झोप नाही, हे एकदा मोजून कळत नाही."

"घोरन्याचं काय गं?" आक्का एकदम म्हणाल्या. "आमच्यात रातभर गिरनी चालू आसती. मधीच बंद पडती. मी उठून बघते, म्हनलं गेले का काय, तवर एक मोठ्ठा आचका आन् परत चालू."

वैनी आणि लेकीनं एकमेकींकडं पाहिलं. कुणीच हसलं नाही.

"आक्का, हे डॉक्टरला सांगितलं?"

"घोरन्याचं कोन सांगतं डॉक्टरला? लाज वाटती."

"तेच आधी सांगायचं. श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, पेशींची ऊर्जा मोडते आणि युरिक वाढतं. त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. अशा माणसांत गाऊट जास्त आढळतो. बीपीचंही मूळ कधीकधी तिथंच असतं."

आक्का घटकाभर गप्प झाल्या. मग एकदम आठवण आल्यासारखं म्हणाल्या, "पन वैनी, मला एक सांग. तू पाच तास झोपती, मी चार. लाईट असू नाय तर नसू, नळ पहाटंच येतो. आपल्याला कामून न्हाई ह्ये युरिक?"

"तुझं तू सांग गं," वैनींनी लेकीकडं बोट केलं.

"बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन मूत्रपिंडाला युरिक बाहेर टाकायला लावतं. म्हणून बायांची हद्दच सहाची, पुरुषांची सातची. पाळी चालू आहे तोवर ते राखण करतं. पाळी गेली की राखण गेली, आणि बायांचं युरिक हळूहळू पुरुषांच्या जवळ यायला लागतं."

"म्हंजी पाळी गेली, आता युरिकची पाळी आली मनायचं!" आक्का खो-खो हसल्या. "मला तर सहा वर्सं झाली."

"आणि तुम्ही बीपीची गोळी घेता. त्यातल्या लघवी जास्त करणाऱ्या काही गोळ्यांनी युरिक वाढतं. घाबरू नका, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टरला चिठ्ठी दाखवा आणि विचारा, एवढंच."

"आगं, मंग माझे गुडघे दुखतेत ते बी युरिकच असंल!"

"न्हाई वो," वैनी म्हणाल्या. "आजकाल जे दुखंल त्याला युरिकच. तुमचे गुडघे झिजले असतेल. आन् रिपोटात आकडा वाढलेला दिसला म्हून लगेच गाऊट झाला असं बी नस्तंय. कित्येकांचा आकडा वर असतो आन् जन्मभर अंगठा दुखत न्हाई. ज्याचा दुखतो त्याचा आकडा सहाच्या खाली ठेवायचा, आन् तेवढ्यासाठी गोळी नेमानं खायची. झोप, पानी, कमी रस ही तिच्या जोडीला. तिच्या जागी न्हाई."

"बरं, पन रात्रीच्या लाईटीचं काय? त्यो ऊस काय माझं ऐकून दिवसा तहानतो?"

"दिवसा लाईट द्यायची म्हून सौर वाहिनी काढली हाय सरकारनं २०१७ पासनं. सौर पंपाला बी अर्ज भरता येतो. तवर पोरानं आन् दादांनी रात्री वाटून घ्यायच्या. जी रात्र दादांची, त्या दिवशी त्यांच्या खोलीचं दार लावायचं, फोन काढून घ्यायचा आन् आलेल्या पाव्हन्याला सांगायचं, आजारी हायेत."

"खोटं बोलू?"

"आठ पाईंट दोन काय खोटं हाय व्हय?"

आक्कांना हे पटलं. वैनींनी वही काढली आणि दादांच्या नावापुढं लिहिलं: घोरणे, श्वास थांबतो, झोप तुटक. मग खालच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, "आता तुमचं सांगा. पडता किती वाजता, उठता किती वाजता?"

"माझं कशाला?"

"बीपी हाय, पाळी गेली, चार तास झोप. डॉक्टर दादांना सतरा प्रश्न विचारतील, तुम्हाला एक बी न्हाई. आधी मीच इचारते."

"लिही मंग. अकराला पडते, तीनला नळ." आक्कांनी घराकडं तोंड वळवलं आणि इतक्या मोठ्यानं ओरडल्या की पलीकडच्या गल्लीतल्या शेळ्या उठल्या, "ए नातवा! उद्यापासनं पहाटचं पानी तू भरायचं! बाप रानात, आज्जा खाटंवर, आन् आज्जीची झोप वहीत चढलीय!"