काळा घोडा, मुक्काम पोस्ट भायखळा

मुंबई 'शोधायची' साथ आली आहे. रविवारी सकाळी फोर्टात जावं, तर कुठल्या तरी इमारतीखाली एक घोळका उभा. पायात नवे बूट, हातात पाण्याची बाटली, पुढे छोटा माइक लावलेला एक उत्साही तरुण. तो वर बोट दाखवतो, सगळे वर बघतात. घोळक्याला वळसा घालून जाणारा एकटाच खाली बघत चालतो. तो इथला असतो. फुटपाथ कुठे उखडलाय हे त्याला पाठ असतं.

शोध कशाचा? हरवलेल्या मुंबईचा. हरवली कोणी, हे तिकिटाच्या पैशात सांगत नाहीत.

मोबाइलवरही तेच. 'मुंबईतलं हे ठिकाण तुम्हाला माहीत आहे का?' तिथे तीन पिढ्या राहणाऱ्यांना माहीत असतं. पण त्यांना विचारतो कोण?

घारापुरीपासून सुरुवात करू. गेटवेहून लाँच, तासाभराचं पाणी, मग पायऱ्या, मग माकडं. पोर्तुगीजांना बेटावर दगडी हत्ती दिसला म्हणून त्यांनी नाव ठेवलं एलिफंटा. लेणी बघून होतात, काकडी खाऊन होते, आणि बरोबरचं पोर विचारतं, बाबा, हत्ती कुठाय?

हत्ती भायखळ्याला आहे.

१८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले. ते राणीच्या बागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये सांधून पुन्हा उभे केले. मधली पन्नास वर्षं हत्ती सुटा पडून होता. दुरुस्तीच्या कामांचा हा वेग पुढेही टिकवून ठेवण्यात आपल्याला घवघवीत यश आलेलं आहे.

आता काळा घोडा. घोड्यावर होता पुढे सातवा एडवर्ड झालेला युवराज. तो मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने १८७९ मध्ये पुतळा दिला. १९६५ मध्ये तो हलवला. घोडा गेला, नाव राहिलं. १९९९ पासून त्या नावाने कलामहोत्सव भरू लागला, तोही नसलेल्या घोड्याचा. मग २०१७ मध्ये कोणाला तरी लाज वाटली आणि चौकात नवा काळा घोडा आला. यावर स्वार नाही. राजाला वगळून घोडा परत आणला! इतकी स्वस्त क्रांती दुसरीकडे कुठे झाली नसेल.

जुना घोडा कुठाय? ओळखलंत. भायखळ्याला.

आणि खुद्द राणी? खंडेराव गायकवाडांच्या पैशातून घडवलेला व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा फोर्टात मोठ्या दिमाखात बसला होता. १८९६ मध्ये चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासलं. स्वातंत्र्यानंतर राणीची रवानगी राणीच्या बागेत झाली. बागेच्या पाटीवर आता वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे.

राणी तिथे पागडीवर राहते.

घरात नको झालेली, पण टाकवत नाही अशी वस्तू आपण माळ्यावर चढवतो. भायखळा हा मुंबईचा माळा आहे. साम्राज्याची सगळी अडगळ तिथे चढली. गंमत पाहा, जी वस्तू मुळात तिथेच जायची होती, तेवढी नेमकी गेली नाही. फ्लोरा फाउंटन राणीच्या बागेसाठीच घडवायला दिलं होतं. बेत बदलला आणि १८६४ मध्ये ते फोर्टात बसलं, जुन्या तटबंदीतलं चर्चगेट जिथे होतं त्या जागी. म्हणजे चर्चगेट स्टेशनावर उतरून जे गेट कुठेच दिसत नाही, त्याच्या जागेवर भायखळ्याचं कारंजं आहे. मुंबईत पत्ता विचारणाऱ्याला वेड का लागतं, कळलं?

पण फ्लोराचा फोटो काढायचा तर माणूस नेमका कुठे उभा राहतो? बरेचदा हुतात्मा स्मारकाकडे पाठ करून. रोमन फुलराणी चौकटीत येते. हातात मशाल घेतलेला शेतकरी आणि कामगार बाहेर राहतात. नोव्हेंबर १९५५ मध्ये इथे गोळ्या का चालल्या, हे माइकवाल्या तरुणाला ठाऊक असतं का? असेलही. पण पुढची इमारत गॉथिक असते आणि वेळ कमी असतो.

मुंबईही महाराष्ट्राला फेरफटका मारून मिळालेली नाही.

असो. शोधपथक पुढे जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात शिरतं. तिथे एक हिरवट लाकडी बंगला. रुडयार्ड किपलिंग इथे जन्मला, असं भारावून सांगितलं जातं. किपलिंग १८६५ मध्ये जन्मला, याच आवारात जन्मला, बाप इथेच शिकवत होता, सगळं खरं. फक्त हा बंगला नंतर बांधला. बाळ आधी, बाळंतिणीची खोली मागाहून.

गेटवेची तीच कथा. पाचवा जॉर्ज १९११ मध्ये आला तेव्हा कमान पुठ्ठ्याची होती. दगडी कमान १९२४ मध्ये पुरी झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची इंग्रज पलटण तिच्याखालून बोटीत चढून गेली. स्वागताचा दरवाजा निरोपाला कामी आला. कामं रखडण्याचे फायदे असतात ते असे.

मैलाचे दगड ऐकलेत? इंग्रजांच्या काळात मुंबईतली अंतरं सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मोजत. दर मैलाला एक दगड. पुढे ते 'गायब' झाले. चोरीला गेले नाहीत, कुठे हललेही नाहीत. जुन्या फुटपाथवर नवा, त्यावर आणखी नवा, असं आपण विकासाचे थर चढवत गेलो आणि दगड आहे तिथेच गाडले गेले. मग वारसाप्रेमींनी ते शोधले, महापालिकेने उकरून काढले. आधी पुरायचं कंत्राट, मग उकरायचं. कंत्राटाला मरण नाही.

गिरगावातल्या खोताच्या वाडीचं काय सांगावं? जुनी लाकडी घरं कमी होत गेली, त्यांचे फोटो वाढत गेले. एखाद्या व्हरांड्यात आजोबा पेपर वाचत बसलेले असतात. त्यांनाही 'हेरिटेज' समजून टिपतात. विचारायचं असतं, हे सुचत नाही. दगडाला कोण विचारतं?

दगड पुरे. माणसं बघू. हे शहर म्हणे माणसांचं.

मुंबई दर्शनाच्या बसमधली माणसं बघण्याची रीत ठरलेली आहे. आधी मलबार हिलवर म्हातारीचा बूट, म्हणजे इंग्रजी बालगीतातल्या म्हातारीचं घर. मग वांद्रे-जुहूकडे नट-नट्यांचे बंगले. बंगल्यातलं कोणी दिसत नाही. दिसतं ते गेट. मुंबईत सर्वांत जास्त फोटो वॉचमनचे निघत असावेत.

त्याच बसमधल्यांना नाना चौक विचारा. स्कायवॉक? बरोबर. आणि नाना? नाना शंकरशेट हे नाव शाळेत पाच मार्कांपुरतं भेटलेलं. मुंबईत रेल्वे यावी म्हणून त्यांनी खटपट केली, १८५३ मध्ये पहिली गाडी सुटली. रोज त्याच लोकलच्या दांड्याला लटकणारा माणूस नानांना ओळखत नाही. त्याचं एका परीने बरोबर आहे. लटकताना कृतज्ञता जमत नाही.

भायखळ्यालाच दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात एक उंच पुतळा आहे, खडा पारशी. हे करसेटजी माणेकजी. पुतळा उभारला त्यांच्या मुलाने, माणेकजी करसेटजींनी. या मुलाने १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढली. म्हणजे बघण्यासारखा बाप आणि जाणून घेण्यासारखा मुलगा. पण पुतळा बापाचा, तेव्हा फोटो बापाचा. तोही पुलावरून, गाडी न थांबवता.

डॉ. भाऊ दाजींचं नशीब त्यातल्या त्यात बरं. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला हा डॉक्टर दिवसा नाडी बघायचा आणि उरल्या वेळात जुने शिलालेख वाचायचा. बागेच्या दारातलं संग्रहालय उभं राहावं म्हणून पैसे गोळा करणाऱ्यांत तो होता. १८७२ मध्ये ते लोकांना खुलं झालं. त्याला भाऊंचं नाव मिळालं १९७५ मध्ये. आपल्याकडे एकशे तीन वर्षांत निकाल लागणं म्हणजे जलदगती न्यायालयच.

डबेवाल्यांचं कौतुक मात्र तिकडच्या बिझनेस स्कूलपर्यंत गेलं. २००३ मध्ये युवराज चार्ल्स त्यांना भेटायला आला, तो त्यांच्या वेळेत. डबे थांबले नाहीत. आता चर्चगेटबाहेर साडेअकराच्या सुमारास कॅमेरेवाले त्यांना आडवे येतात. युवराजाला जे कळलं ते यांना कळत नाही. वेळेचा आदर्श टिपण्यासाठी त्यालाच उशीर करायचा!

तर वाचकहो, शोधायला निघालाच असाल तर फार वणवण करू नका. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा. राणीच्या बागेत शिरताच समोर मोठी रांग दिसेल. ती पेंग्विनची. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आले; नवे पाहुणे, मान त्यांचाच. रांग टाळा आणि संग्रहालयाकडे वळा. हत्ती बाहेरच उभा आहे. घोडा, राणी, सगळं बिऱ्हाड आवारात आहे. बघायला गर्दी नाही. कोणी माइक लावून समजावत नाही.

फक्त बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाग बंद असते.