हातमोजे कसे घालावेत, आणि कोणासमोर

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हातमोजे तीन प्रकारचे आढळतात: हातातले, खिशातले आणि कपाटातले. यांपैकी कपाटातले सर्वोत्तम. त्यांची शिवण उसवत नाही, त्यांना तेल लागत नाही आणि त्यांची चावी स्टोअरकीपर साहेबांच्या कमरेला असते. नव्याने भरती झालेल्या मुलाने या विषयाचा अभ्यास त्या कपाटाच्या काचेतूनच सुरू करावा.

नियम पहिला, माप. हे शास्त्र सोपं आहे. अंगठा सोडून तळहाताच्या रुंद भागाभोवती टेप गुंडाळा. जितके इंच भरतील तितका तुमचा नंबर. आठ इंच तर आठ, नऊ इंच तर नऊ. मग स्टोअरच्या खिडकीशी जाऊन नम्रपणे म्हणा, “साहेब, आठ नंबर द्या.” साहेब चष्म्यावरून बघतील आणि दहा नंबर देतील, कारण दहा नंबर सगळ्यांना बसतो. बसतो म्हणजे हात आत जातो. बोटांच्या पुढे जे रिकामं कापड लोंबत राहतं ते आपल्या आधी मशीनपर्यंत पोचतं आणि मग मागून बोटाला बोलावून घेतं, हा भाग खिडकीत सांगितला जात नाही.

नियम तिसरा (दुसरा स्टॉकमध्ये नाही), कापड. होजिअरीचे पांढरे हातमोजे आपल्याकडे वजनावर विकले जातात: ४० ग्रॅम, ५० ग्रॅम, ६० ग्रॅम. परचेस खातं ४० ग्रॅमवर ठाम असतं. त्यावर निळे ठिपके असले तर पकड बरी मिळते आणि माल भारीतला वाटतो. धूळ, घाम आणि रंगवलेल्या पार्टवर उमटणारे बोटांचे ठसे, एवढ्यापुरता हा मोजा चांगला. शिअरिंगवरून नुकत्याच उतरलेल्या पत्र्याच्या धारेपुढे त्याचा उपयोग इतकाच, की रक्त जमिनीवर न सांडता त्यातच शोषलं जातं.

पत्र्यासाठी कापरोधक मोजा लागतो आणि त्याच्या मनगटावर ‘ईएन ३८८’ असं लिहून खाली आकडे छापलेले असतात. हे आकडे पत्रिकेतल्या गुणांसारखे जुळवून बघायचे असतात. पहिला घासण्याचा, चारपैकी. दुसरा कापण्याचा, पाचपैकी. तिसरा फाटण्याचा आणि चौथा टोचण्याचा, दोन्ही चारपैकी. कापण्याच्या जुन्या चाचणीत गोल पातं मोज्यावर फिरवत. पण काचेचा किंवा पोलादाचा धागा असलेल्या मोज्यावर पातंच बोथट व्हायचं आणि मोजा उगाच पहिला यायचा. म्हणून २०१६ पासून आकड्यांमागे एक अक्षरही येतं, ए ते एफ. एफ सर्वांत तगडा. एखाद्या जागी एक्स असेल तर ती चाचणी केलेली नाही. आमच्या परचेसवाल्यांनी तो एक्स बराच काळ ‘एक्स्ट्रा’ असा वाचला.

बाकीचे प्रकार थोडक्यात. वेल्डिंगला कोपराकडे जाणारा चामड्याचा. कूलंट आणि तेलाला नायट्राइलचा, कारण होजिअरीचा मोजा कूलंट पिऊन दिवसभर कातडीला चिकटून बसतो आणि मग हाताला खाज सुटते. प्लेटिंगच्या टाकीवर लांब रबरी. विजेच्या कामाचा वेगळा. तो घालण्यापूर्वी मनगटाकडून गुंडाळत न्यायचा, आत हवा कोंडायची आणि कुठून फुसफुसतंय का ते गालाजवळ धरून बघायचं.

आता समारंभपूर्वक घालण्याविषयी. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली, म्हणून ४ मार्चला आपल्याकडे सुरक्षा दिन आणि पुढे आठवडा. त्या आठवड्यात कपाट उघडतं. हिरवे, करडे, नारिंगी मोजे इश्यू होतात. सगळे शपथ घेतात, घोषवाक्यांची स्पर्धा होते, फोटो निघतात. आठवडा संपला की मोजे मोजून परत घेतात. याखेरीज कस्टमरचं ऑडिट असेल तर आदल्या दिवशी. अशा वेळी मोजे कोणत्या कामासाठी आहेत हे विचारू नये. ते पाहुण्यांसाठी आहेत.

एका ऑडिटमध्ये पाहुण्यांनी आमच्या ड्रिलिंग मशीनवरच्या मुलाकडे बोट दाखवून वहीत लिहिलं: ऑपरेटर हातमोज्यांविना. मॅनेजर धावले, मुलाच्या हातात मोजे चढले, फोटो निघाला, मुद्दा बंद.

इथे मार्गदर्शकाला आवाज चढवावा लागतो. ड्रिल, लेथ, मिलिंग, जिथे काही गरगर फिरतं तिथे हातमोजा घालायचा नाही. नाही म्हणजे नाही. उघड्या हाताला बिट लागलं तर कातडी फाटते आणि बोट बहुधा मागे येतं. मोज्याचा एक धागा बिटात अडकला तर मोजा गुंडाळला जातो आणि मोज्याबरोबर हात. मोजा जितका मजबूत तितकं वाईट, कारण तो फाटून सोडत नाही. चिप्स काढायला ब्रश आहे, हूक आहे. मशीन बंद करायचं बटणही आहे. आयटीआयच्या पोराला हे माहीत असतं. फोटोतल्या त्या मुलालाही माहीत होतं. पण मॅनेजरांनी घाल म्हटल्यावर कंत्राटी पोरगं काय बोलणार?

असो. नियम पाचवा, हातमोजा एकाच हातात घालणे. ही पद्धत पत्रा लोडिंगला सर्रास दिसते आणि नवख्या सुपरवायझरला ती निष्काळजीपणाची वाटते. तिला प्रतिष्ठित आधार आहे. आमच्या पट्ट्याच्या शेजारीच बालेवाडीला शूटिंग रेंज आहे. कोल्हापूरकडचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आला. रायफलवाले मोजा घालतात तो आधाराच्या हातात. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या डाव्या हातात जाड गादीचा मोजा असतो, म्हणजे रायफलचं ओझं तळव्यात रुतत नाही आणि हाताचा ठोका बंदुकीपर्यंत जात नाही. ट्रिगरचं बोट मात्र उघडं, कारण तिथे काही ग्रॅमचा दाब कळावा लागतो. मोजा किती जाड असावा यालाही तिथे नियम: पुढची-मागची बाजू मिळून १२ मिलिमीटर, त्यावर नाही. पंच मोजून बघतात. आमच्याकडे जाडी मोजावी लागत नाही, मोज्यातून आरपार दिसतं. आमचा हेल्पर दुसरा हात मोकळा ठेवतो तो तंबाखू मळायला. तेही कौशल्याचंच काम आहे आणि नायट्राइलमध्ये ते होत नाही, हे मान्य करावं लागतं.

उघड्या हाताचा खरा अधिकार टूलरूममधल्या आमच्या काकांचा. डायवरून बोटाचं पेर फिरवून ते सांगतात, इथे बर आहे, इथे अजून दगड मारा. गेज नंतर येतं आणि तेच सांगतं. सेफ्टीवाले त्यांच्या मागे लागून थकले. पण डाय उचलायची वेळ आली की काका ड्रॉवर उघडून चामड्याची जोडी काढतात. स्वतःच्या पैशाने घेतलेली, मार्करने नाव घातलेली, दर शनिवारी पुसून ठेवलेली. ती कोणाला उसनी मिळत नाही. मला एकदा मिळाली होती.

नियम सातवा, पॉवर प्रेस. प्रेसवर कोणता मोजा घालावा, हा प्रश्न दर ट्रेनिंगमध्ये येतो. पत्रा धरायचा म्हणून कापरोधक घाला, पण डायमध्ये हात जात असेल तर तो कोणत्या कापडात गुंडाळलाय याचं ५० टनांच्या प्रेसला काही पडलेलं नसतं. तिथे हवेत दोन हातांची दोन बटणं, लाइट कर्टन, गार्ड आणि पार्ट काढायला चिमटा किंवा मॅग्नेट. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने यंत्राला कुंपण घाला म्हटलं. हाताला मोजे घाला असं त्या कलमात नव्हतं. आमच्याकडे दोनपैकी एक बटण पाचर मारून कायमचं दाबलेलं असतं, कारण टार्गेट. गार्ड खंडेनवमीला रॅकमागून निघतो, रंगतो, झेंडूच्या हारासह प्रेसवर चढतो आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या शिफ्टला उतरतो. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहनउद्योगातल्या अपघातांवर ‘क्रश्ड’ नावाने अहवाल काढते. बोटं घेणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस तिथे अग्रभागी असतो.

बोटांचे दरही १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने परिशिष्टात लावून दिले. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. तर्जनी १४, मधलं १२, अंगठीचं बोट ७, करंगळीही ७. तर्जनीचं हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. दर वाचून आमच्या लाइनवरचा एक जण म्हणाला, “म्हणजे लग्नाचं बोट सगळ्यात स्वस्तात.” सगळे हसले. मीही.

निगा. हातमोजे साबणाच्या पाण्यात धुवावेत, दोरीवर वाळवावेत, भोक पडलं की टाकावेत. प्रत्यक्षात भोक पडलेल्या मोज्याने गाडी पुसतात. सर्वांत शास्त्रशुद्ध पद्धतीने हातमोजा घातलेला कामगार मी पाहिला तो डिसेंबरात, फर्स्ट शिफ्टला निघालेला, चिंबळी फाट्याजवळ मोटरसायकलवर. दोन्ही हातांत, मनगटापर्यंत ओढून.

नवा मोजा हवा असेल तर जुना जमा करावा लागतो. तो कन्व्हेयरने गिळला असल्यास साधा अर्ज, सुपरवायझरची सही आणि कन्व्हेयरमधून मिळतील तेवढे तुकडे जोडावेत. स्टोअर साडेचारला बंद होतं. सेकंड शिफ्टने हात जपून वापरावेत.