बुऱ्हाणपुरात थंडीचे जीव कसे पाळावेत: नवशिक्यांसाठी

आधी जातिवंत शीतप्रेमी जिवाणू पाळायचा हट्ट सोडा. त्यांना १५ अंश किंवा त्याहून कमी तापमान मानवतं आणि २० च्या वर त्यांची वाढ खुंटते. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याचा वारासुद्धा भाजतो. कुणी कुंडी भंडारा सुचवेल. रहीम खानखानांच्या काळातली, १६१५ च्या सुमाराची ती भुयारी पाणीयोजना उन्हातून आलेल्याला गार लागते खरी, पण या जिवाणूंना तीही भट्टीच.

तेव्हा थंडी नुसती सोसणारे घ्या. हे उबेतही खूश असतात आणि ४ अंशांवरही वाढतात, फक्त सावकाश. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या शिरमाकर ओॲसिसमधल्या मातीतून १९९२ मध्ये नोंदवलेला स्फिंगोबॅक्टेरियम याच स्वभावाचा. तुम्ही मात्र तिकीट काढू नका. असाच थंडी सोसणारा सूडोमोनास जिवाणू कच्च्या दुधाबरोबर घरपोच येतो.

जागा अर्थातच फ्रिज. तो खचाखच भरा, गार हवेला फिरायला वाव नको. दाराचं रबर फाटलं असेल तर फाटकंच बरं. दूध न तापवता तीन-चार दिवस आत राहू द्या. थंडीत तूप थिजतं आणि तेल वाहतं राहतं, तशी हे जिवाणू आपल्या पेशीच्या पडद्यात न थिजणारी मेदाम्लं वाढवतात, म्हणून गारठ्यातही त्यांचं खाणंपिणं चालू असतं. बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांना, वाढ थांबते. घाबरू नका, बरेचसे नुसते निजलेले असतात. लाइट बराच वेळ गेली की उठतील.

लिस्टेरिया मात्र पाळू नका. तोही फ्रिजमध्ये वाढतो आणि गरोदर बाईला त्याची लागण झाली तर गर्भ दगावू शकतो. इथे थट्टा नाही.

सूडोमोनास उकळीत मरतो, पण मरण्याआधी त्याने दुधात सोडलेली काही विकरं उकळीलाही पुरून उरतात. एक प्रथिनं तोडून दूध कडवट करतं, दुसरं स्निग्धांश फोडून खवट. त्याच दुधाचा मावा आटवून जलेबी तळलीत, तर चव पाहुण्यांच्या चेहऱ्यावर वाचता येईल. अशा वेळी सगळा राग दूधवाल्यावर काढा. फ्रिजकडे कुणाचं लक्ष गेलं, तर तुमचं पशुपालन उघडं पडेल.